पीक आलं, पण क्रीमचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. नेमका याच दिवसांत घरात कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि तीन थरांचा केक फिरत्या स्टँडवर उभा करायचं काम माझ्या गळ्यात पडतं. बटरक्रीमचा नाद मी सोडला. लोणी 32 ते 35 अंशांना वितळतं. आमच्याकडे ते सकाळी नऊलाच तूप व्हायच्या वाटेवर असतं. उरतं ते वनस्पती चरबीचं व्हिपिंग क्रीम.

एक किलोच्या केकला पातळ क्रीम सुमारे 300 मिली पुरतं, फेटल्यावर ते दुपटीहून जास्त फुगतं. आदल्या रात्री ते फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात आणायचं. ओट्यावर ठेवून वितळवलं की संपलं, मग कितीही फेटा, ताकच. भांडं आणि बीटरची पातीही गार हवीत, आणि भांडं परातीतल्या बर्फावर.

मग ‘पीक’ येतं. आपल्याकडे पीक म्हणजे कापूस नाहीतर केळी. इथं पातं उचलल्यावर क्रीमला येणारं टोक. टोक वाकलं तर सॉफ्ट पीक, ताठ राहिलं तर स्टिफ. केकवर लावायला दोन्हींच्या मधलं बरं. अर्धा मिनिट जास्त फिरवलं की क्रीम रवाळ होतं, पीक हातचं जातं. अशा वेळी दुबार पेरणी: दोन चमचे गार, न फेटलेलं क्रीम घालून चमच्यानं हलकेच ढवळायचं. बऱ्याचदा वाचतं.

स्पंज पूर्ण गार हवा. कोमट स्पंज क्रीमला खालून वितळवतो. फुगलेला माथा दातेरी सुरीनं कापायचा आणि मग आडवे तीन थर. केकखालच्या पुठ्ठ्याला खालून क्रीमचा एक ठिपका, नाहीतर पुठ्ठा स्टँडवर घसरगुंडी खेळतो. प्रत्येक थराला साखरेचं पाणी तीन-चार चमचे, बस्स. प्रेमानं वाटीभर ओतलं की मधला थर बाहेर डोकावायला लागतो.

मधे केळी घालायचा मोह आवरत नाही. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मान राखायलाच हवा ना! पण चकत्या काळ्या पडतात आणि बुळबुळीत होऊन थर सरकवतात. त्यांना लिंबू चोळायचं, पातळ कापायच्या आणि कडेनं क्रीमचा बांध घालायचा. शेवटचा थर उपडा ठेवायचा, म्हणजे सपाट तळ वर येतो.

आता क्रम्ब कोट. क्रीमचा पातळ हात फिरवून भुगा जागेवर बसवायचा आणि केक 20-30 मिनिटं फ्रीजमध्ये. लाईट जाते ती हमखास याच अर्ध्या तासात. तेव्हा फ्रीजचं दार उघडून ‘बसलं का’ बघायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना चार-चारदा सांगावं लागतं.

बाहेरच्या थराला स्क्रेपर, म्हणजे क्रीम सपाट करायची पट्टी, उभा, स्टँडला टेकलेला, हात स्थिर, फिरायचं स्टँडनं. नवखा माणूस उलट स्वतःच फिरतो, वडाला सूत गुंडाळल्यासारखा. क्रीम भरपूर लावून काढत जायचं. कंजूषपणा केला की स्पंज दिसतो. वरच्या काठावर उभी राहिलेली कड बाहेरून आत ओढायची, दर वेळी पॅलेट नाइफ (क्रीम पसरवायची लांब, बोथट सुरी) पुसून. न पुसता दुसरा हात मारला तर शेताच्या बांधासारखी वाकडीतिकडी कड मिळते. शेवटी हीच सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी करून एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवली तर क्रीम पाघळतं.

हे सगळं पहाटे पाचला नाहीतर रात्री अकरानंतर. पंखा बंद, कारण तो गरम वाराच फेकतो. घाम टपकू नये म्हणून डोक्याला फडकं.

हे सगळं खाटेवरची आजी बघत असते. जिनं उभ्या हयातीत हातावर कोपरापर्यंत पुरणाचे मांडे वाढवून खापरावर टाकले, तिला पॅलेट नाइफचं काय कौतुक असणार! गुळगुळीत झालेल्या केककडे ती दोन मिनिटं टक लावते आणि विचारते, ‘‘पुरन कोठे शे यामा?’’