जहाजाच्या मागे लिहिलेलं ‘माजुरो’

माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. मध्ये त्याने ग्रुपवर जहाजाचा फोटो टाकला, मागच्या बाजूला जहाजाच्या नावाखाली मोठ्या अक्षरात ‘माजुरो’. म्हटलं हे कुठं रे आणि? तर म्हणे मार्शल आयलंड्सची राजधानी, जहाजाची नोंदणी तिकडची, बाकी सात वर्षां त्या झेंड्याखाली नोकरी करतंय पण माजुरो काय बघूक नाय गो.

मग मीच शोधत बसले आणि पोचले भलतीकडेच, गेदरापाशी. गेदर म्हणजे ट्युना, रत्नागिरीकडे कुपा म्हणतात तो. या माजुरोत आठ देशांचं मिळून एक ऑफिस आहे आणि त्या ऑफिसचं काम एकच, ट्युना. देश कोणते तर मार्शल आयलंड्स, किरिबाती, नाउरू, तुवालू, पलाऊ, मायक्रोनेशिया, सॉलोमन आयलंड्स आणि पापुआ न्यू गिनी. नाउरू 21 चौरस किलोमीटर, तुवालू 26, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा गाव. पण किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर त्या देशाचा हक्क, हा नियम लावला की एकट्या किरिबातीकडे 35 लाख चौरस किलोमीटर समुद्र येतो. जमीन चिमूटभर, पाणी अख्ख्या भारताएवढं!

आता पाणी आहे म्हणून पैसा येतो असं नाही. आधी व्हायचं काय, की जपान, कोरिया, तैवान, अमेरिकेच्या बोटी प्रत्येक देशाशी वेगवेगळं बोलायच्या, तू महाग देतोस तर शेजारी स्वस्त देतोय. मासा तर फिरता, आज याच्या हद्दीत उद्या त्याच्या, त्यामुळे अडून बसायची हिंमत कुणाची? अमेरिका तर म्हणायची की ट्युना एवढा फिरतो की त्याच्यावर किनाऱ्याच्या देशाचा हक्कच नाही. 1984 ला सॉलोमनने त्यांची जेनेट डायना नावाची बोट पकडली तर अमेरिकेने सॉलोमनचे मासे घ्यायचेच बंद केले. पुढच्या वर्षी किरिबातीने रशियन बोटींना परवाना दिला आणि अमेरिकेचा सूर एकदम बदलला, 1987 ला बेटांबरोबर रीतसर करार. शीतयुद्धाचा फायदा कुणी कसा उचलावा हे या लोकांकडून शिकावं.

तरी खरी गंमत नंतरची आहे. या बेटांचा आपसातला नाउरू करार 1982 चाच, पण 2007 पासून त्यांनी मासा विकायच्या ऐवजी दिवस विकायला घेतले. म्हणजे वर्षाला आठही देशांच्या पाण्यात मिळून पर्ससीन (माशांच्या थव्याला गोल वेढा घालणारं मोठं जाळं) बोटींनी किती दिवस मासेमारी करायची ते ठरवायचं, साधारण 45 हजार, मग ते आपसात वाटून घ्यायचे, आणि एका दिवसाचा किमान भाव सगळ्यांनी मिळून बांधायचा. 2015 ला तो 8 हजार डॉलर झाला, त्याच्या खाली कुणी विकायचा नाही. 80 मीटरहून लांब बोट असेल तर तिचा एक दिवस दीड दिवस धरायचा, 50 हून लहान असेल तर अर्धा. आपल्या बंदरावरच्या कुठल्याही तांडेलाला हा हिशोब एका मिनिटात कळेल. 2010 च्या आसपास सगळ्यांचे मिळून 6 कोटी डॉलर यायचे, काही वर्षांत तो आकडा 50 कोटींच्या घरात गेला.

त्यात मला सगळ्यात आवडलं ते एल निनोचं. एल निनो आला की मासा पूर्वेला किरिबातीकडे सरकतो, ला निनात परत पापुआ न्यू गिनीकडे. मग ज्याच्याकडे मासा नाही तो आपले दिवस ज्याच्याकडे आहे त्याला विकू शकतो, म्हणजे मासा गेला तरी घर चालतं.

हे सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून आहेत असं अजिबात नाही हां. 2021 ला पॅसिफिक आयलंड्स फोरम या तिकडच्या देशांच्या संघटनेत महासचिवपदावरून एवढं बिनसलं की मायक्रोनेशिया भागातल्या पाच देशांनी फोरम सोडतो म्हणून जाहीर केलं, किरिबाती तर पुढच्या वर्षी खरंच बाहेर पडला आणि मग परत आला. पण दिवसांची विक्री चालूच! आपल्या सार्कची शेवटची शिखर परिषद 2014 ला काठमांडूत झाली, त्यानंतर नुसते फोटो शिल्लक. मला वाटतं फरक एवढाच की तिकडे भांडल्यावर पुढच्याच महिन्यात तिजोरीत खड्डा दिसतो. अर्थात सगळं गोड नाही, डबे भरायचं काम अजून बरंचसं थायलंडसारख्या बाहेरच्या देशांत, आणि समुद्र तापला की मासा पूर्वेला कायमचा, खुल्या समुद्रात जाईल ही भीती आहेच, तिकडे दिवस कुणाला विकणार.

परवा बंदरावर जाळं शिवत बसलेल्या एका काकांना हे सगळं सांगितलं. कर्नाटकातल्या मालपीचे ट्रॉलर, एलईडी लावून होणारी मासेमारी, सगळ्यावर बोलून झालं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पण रात्री लाइट बंद करून बोट इली तर दिवस मोजतलो कोण?” म्हटलं सॅटेलाइट आहे, आणि प्रत्येक पर्ससीन बोटीवर बेटांवरचा एक निरीक्षक असतो, परक्या खलाशांत एकटा, किती पकडलं, काय फेकलं ते लिहीत. काही जण परतच आले नाहीत, समुद्रातच बेपत्ता झाले.

काकांची सुई थांबली. “आणि त्याका पगार कोण देता?”

बोटवाल्यांकडूनच वसूल करतात, म्हटलं.

“हां,” म्हणाले, आणि परत जाळ्यात डोकं घातलं.