पेढे वाटून पाठवलेल्या आणि स्वतःहून निघालेल्या

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हल्लीच्या मुलींना परदेशात कायमचं जायचं असतं ते पैशासाठी आणि मौजेसाठी, त्यांना घराची जबाबदारी नको असते, इथे आता मुलींना काही कमी नाही, आनंदीबाई जोशी शिकून मायदेशी परतल्या, या परतत नाहीत, आणि म्हातारे आईवडील मागे एकटे पडतात. मी पुण्यात बारा वर्षं जर्मन शिकवते. जायला निघालेल्या मुली रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसतात, त्यामुळे गप्प राहवत नाही.

मौजेचं आधी बघू. जर्मनीत शिकायला जायचं तर व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. म्हणजे साधारण बारा लाख रुपये, तेही बहुतेकींचे कर्जाचे. त्याआधी भाषेच्या परीक्षा, इथली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, व्हिसाच्या तारखेची वाट. तिथे पोचल्यावर शिकता शिकता सुपरमार्केटात काउंटरवर उभं राहायचं. सुखाने राहायचंच असेल तर हिंजवडीतला पगार पुरतो. इथे स्वयंपाकाला आणि भांड्यांना बाई तरी परवडते.

जबाबदारी नको म्हणणाऱ्यांनी सरकारचीच आकडेवारी बघावी. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88. माझ्या वर्गातल्या मुलींचा गृहपाठ राहतो तो घरी पाहुणे आले म्हणून. मुलांकडून हे कारण मी बारा वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. या मुली कामाला घाबरत नाहीत. पुढची तीस वर्षं हीच वाटणी चालणार हे त्यांना आईकडे बघून कळलेलं असतं.

इथे काही कमी नाही, हा मुद्दा कायद्यांच्या जोरावर केला जातो. कायदे आहेत, आणि त्यांचं मोल मला कळतं. पण 2017 पासून मिळणारी 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा घ्या. तिचा पगार बहुतांश ठिकाणी मालकाच्याच खिशातून जातो, मग मुलाखतीत प्रश्न येतो, ‘लग्नाचं काय ठरलंय?’ माझ्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न एका वर्षात तीन ठिकाणी विचारला गेला. जर्मनीत मूल झाल्यावरचा पालकभत्ता सरकार देतं, आणि आईवडील दोघांनीही किमान दोन-दोन महिने घेतला तर तो बारा महिन्यांऐवजी चौदा महिने मिळतो. बापाने घरी थांबावं याची सोय कायद्यातच आहे. नवऱ्याने केलेला बलात्कार तिथे 1997 पासून गुन्हा आहे. आपल्या नव्या न्याय संहितेतही कलम 63 चा अपवाद नवऱ्याला वाचवतो. वर्गात याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. पण एकीने तास संपल्यावर दाराशी थांबून मला हे विचारलं होतं.

जर्मनी म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही मी त्यांना सांगते. तिथेही 2024 मध्ये बायकांची तासाची सरासरी कमाई पुरुषांपेक्षा 16 टक्क्यांनी कमी होती. हिवाळा आणि एकटेपणा तर आहेच. त्या ऐकतात, वहीत लिहून घेतात आणि तरी निघतात.

आनंदीबाईंचं नाव या मेसेजमध्ये वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. आपण अमेरिकेला का जातो, हे त्यांना 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत उभं राहून सांगावं लागलं, तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. रस्त्याने जाताना लोक भोवती जमून हसतात, व्हरांड्यात बसलेली प्रतिष्ठित माणसं खडे मारतात, हेही त्यांनी त्या भाषणात सांगितलं. 1886 मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली. पण परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात वारल्या. त्यांचं नाव घेऊन आजच्या मुलींना टोचू नये.

राहिले आईवडील. मुलगी परक्याचं धन, हे आपणच शिकवलं. सासर नांदेडला असो की नाशिकला, तिच्या आईवडिलांना कोण बघणार हे लग्नाच्या बैठकीत कधी निघालं नाही. महाराष्ट्रात 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क आहे, तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. माझी मावसबहीण फिजिओथेरपिस्ट. 2003 साली अमेरिकेतलं स्थळ आलं, पेढे वाटले गेले, ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या नवऱ्यामागून बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर गेली. त्या व्हिसावर तेव्हा नोकरीच करता येत नसे. 2015 नंतर काहींना परवानगी मिळाली. तोवर तिने बारा वर्षं घरात काढली. तिने आईवडिलांना टाकलं, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. नवऱ्यामागून गेली तर भाग्यवान, स्वतःच्या व्हिसावर गेली तर स्वार्थी, हा फरक मला मान्य नाही. कोथरूडच्या सोसायट्यांत मुलगे अमेरिकेत असलेले आजी-आजोबा तीस वर्षांपासून एकटे राहतात. त्या मुलग्यांवर असा मेसेज मी पाहिला नाही.

तरी मागे राहणाऱ्यांचा एकटेपणा खरा आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांची अचानक बायपास झाली. ती जर्मनीतल्या लाइपझिगहून तिसऱ्या दिवशी पोचली. ते तीन दिवस आयुष्यात विसरणार नाही, म्हणाली. सहा आठवडे बिनपगारी रजा घेऊन राहिली, औषधांच्या वेळा लिहून फ्रिजवर लावल्या, शेजारच्या काकूंना किल्ली दिली. निघण्याच्या दिवशी वडिलांना विमानतळापर्यंतचा प्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते जिन्यापर्यंत आले आणि तिची बॅग त्यांनी स्वतः लिफ्टमध्ये ढकलली.