'अ'चे पैसे वेगळे

बोर्ड लागून आज चौथा दिवस, आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणून लिहितोय.

आमचा वडिलांच्या काळापासूनचा गणेश फोटो स्टुडिओ, कऱ्हाडात. आमच्या एका रस्त्यावर तीन गणेश आहेत, एक झेरॉक्स, एक वडापाव आणि एक आम्ही. त्यात हल्ली लग्नाची ऑर्डर घ्यायला गेलं की नवरी आधी मोबाईलवर तुमचं पेज बघते, आणि आमचं पेज बघून तिला वाटतं इथं फक्त आधार कार्डाचे फोटो निघतात. म्हणून म्हटलं ब्रँड करू. आता ब्रँड म्हणजे काय, तर बाकीच्यांचं बघितलं, सगळ्यांचा लोगो एकच. गोलात कॅमेरा, कॅमेऱ्यात लेन्स, लेन्सात पाकळ्या, आणि खाली नावात ड्रीम, मोमेंट्स नाहीतर मेमरीज. मला वेगळं पाहिजे होतं. मोमेंटचं मराठी क्षण, पण क्षण दोघांनी आधीच घेतलेला, मग डिक्शनरी काढून शोधलं आणि सापडलं, निमिष. छोटं, गोड, कुणाकडे नाही.

बायकोला कोडॅकची गोष्ट सांगितली, की ईस्टमननं १८८८ साली ते नाव चक्क बनवलं, अर्थ काहीच नाही, त्याला के अक्षर आवडायचं एवढंच. ती म्हणाली, अहो मग कऱ्हाड काय वाईट आहे, तेही के वरूनच की.

मी खरं तर इंग्लिशमधे बारीक नाजूक अक्षरात नाव टाकणार होतो, ती इन्स्टावाल्यांची असतात तशी. पण २०२२ पासून छोट्या दुकानांनाही पाटी मराठीत पाहिजे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. आमच्याकडे कामगार म्हणाल तर मी आणि फ्लॅश धरणारा भाचा, तरी कायदा तो कायदा. तक्रार नाही, मराठीच पाहिजे. पण इंग्लिशमधे राहिलं असतं तर ते कुणी वाचलं नसतं आणि पुढचं रामायण टळलं असतं.

रामायण म्हणजे महाभारत, कळेलच.

तर फ्लेक्सच्या दुकानात गेलो. तिथला डिझाइनर पोरगा कॉम्प्युटरवर कोरलड्रॉमधे वाढदिवसाचा बॅनर करत होता, बेचाळीस मुंडकी, निम्म्यांना गॉगल. त्यातली तीन मुंडकी मी काढलेली. माझा वॉटरमार्क खोडून, कडेनं कापून, ढगात लावलेली. मी म्हटलं अरे हा माझा फोटो आहे. तो म्हणाला, नाही, हा दादांचा आहे. पुढं बोलायचं काय?

माझं नाव स्क्रीनवर आलं, मोठं, भगव्या रंगात (मी राखाडी सांगितलेला), आणि मागच्या स्टुलावरून आवाज आला, "हे कोणाचं?"

वळून बघितलं तर एक रिटायर्ड मास्तर. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक मधला च्छु दीर्घ पडलेला, तो ऱ्हस्व करून घ्यायला आलेले आणि तासभर बसलेले.

"माझं, सर."

"निमिष म्हणजे काय, माहितेय?"

"क्षण."

"तो नंतरचा अर्थ. मूळ अर्थ पापणी लवणं. डोळे मिटणं. म्हणजे तुमच्या दुकानात," इथं त्यांनी चष्मा काढून पुसला, घाई नाही काही, "डोळे मिटलेले फोटो काढून मिळतात?"

डिझाइनर पोरगा हसला. माझ्याशी बोलताना ज्यानं एकदाही मान वर केली नव्हती तो. बारशाचा फ्लेक्स न्यायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, "खरंच की, आमच्या लग्नात ह्यांचे सगळ्या फोटोत डोळे मिटलेत, तोच काढणारा का हा?" मी म्हटलं काकू, तेव्हा मी दुसरीत असेन. तर म्हणाल्या, वडील असतील मग.

मास्तर म्हणाले, "अनिमिष ठेवा. देवांना अनिमिष म्हणतात, पापणी लवत नाही त्यांची. फोटोवाल्याला शोभेल."

एवढ्या लोकांत मी काय करणार, म्हटलं ठेवा. दुकानाचा मालक लगेच, "भावा, एलईडीची अक्षरं आहेत, अक्षरामागं पैसे. 'अ'चे वेगळे लागतील. आणि अ जरा पसरट असतो, दीड अक्षराचे धरतो." १८०० रुपये. ह ची बाराखडी असती तरी समजलो असतो, पण अ? सगळ्यात पहिलं अक्षर, पहिलीत फुकट शिकवतात.

पैसे दिले. कटिंग सुरू झालं. मास्तरांना चहा आला, मला नाही.

मग ते म्हणाले, "महाभारतात दमयंतीच्या स्वयंवरात हीच अडचण झालेली. पाच नळ उभे. एक खरा, आणि इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघं त्याचंच रूप घेऊन. माळ घालायची कुणाला?"

मी सरसावलोच. पाच जण, पाचही सारखे, हे तर आमच्या लाइनचं वर्णन आहे. "मग ओळखलं कसं, सर?"

"देवांना घाम येत नाही, अंगाला धूळ लागत नाही, गळ्यातला हार कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. आणि पापणी लवत नाही. जो घामेजलेला, धुळीनं भरलेला, ज्याची पापणी लवते, त्याच्या गळ्यात माळ."

"म्हणजे... निमिषवाला जिंकला?"

"अर्थात."

"मग सर निमिषच बरोबर होतं की!"

"मी कुठं चूक म्हटलं? मी अर्थ सांगितला."

मालकाकडे बघितलं. तो म्हणाला, अ कापून झाला.

ईस्टमन किती हुशार माणूस होता ते मला तेव्हा कळलं. नावाला अर्थच ठेवला नाही, म्हणजे मास्तर येऊन बसायला जागाच नाही.

आणि घामाचंच असेल तर राव, मे महिन्यात कार्यालयात पंखे मुहूर्तालाच बंद पडतात तेव्हा आमच्याएवढा घाम कुणाला येतो? अंतरपाट धरला की नवरीचा मामा मोबाईल वर करून बरोब्बर माझ्यापुढे उभा, वर मलाच "ओ फोटोवाले, जरा सरका". जेवायला बसतो तेव्हा मठ्ठा संपलेला आणि मसालेभाताची खरवड राहिलेली. राहिलेले पैसे अल्बम बघून देतो म्हणतात, सहा महिने अल्बम बघतच असतात. त्यांच्या मोबाईलमधे माझं नाव काय सेव्ह असतं माहितेय? 'फोटो गणेश २'. एकाच्या मोबाईलमधे स्वतः बघितलंय. पहिला गणेश कोण हे विचारायची हिंमत झाली नाही, बहुतेक झेरॉक्स असावा. आता यात अनिमिष कुठं बसवायचं, १८०० चा अ कुणी बघायचा. रात्री लाइट लावली की तेवढा एक अ जरा जास्तच पांढरा दिसतो, का कुणास ठाऊक. मालक म्हणतो सवय होईल.

बायको म्हणते, नाव ठेवायला गेला आणि नावं ठेवून घेऊन आला.

आज सकाळी शटर उघडतोय तर दारात मास्तर. एसटीच्या कार्डाला फोटो पाहिजे होता. बोर्डाकडे मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, नाव मी ठेवलंय, तेव्हा पैशाचं बघा काहीतरी. बारशाला आत्याला साडी देतात ना, तसं. बरं म्हटलं, बसा.

पहिला काढला. डोळे मिटलेले. दुसरा काढला, मिटलेले. एक दोन तीन म्हणून काढला, न सांगता काढला, भाच्याला फ्लॅश बंद करायला लावून काढला. अकरा झाले. अकराही मिटलेले. मी स्क्रीन फिरवून त्यांना दाखवली, काही बोललो नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, एकेक फोटो नीट तपासला, वहीसारखा.

आणि म्हणाले, "तरी मी सांगत होतो, निमिषच राहू द्या."