पॅनारिन, मॅकडेव्हिड आणि माझा ‘कॅल्गरीचा चष्मा’

‘ऑयलर्सप्रेमी’ यांस,

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या २०१५-१६ च्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित म्हणून कॉल्डर करंडक आर्तेमी पॅनारिनला मिळाला तो योग्यच होता, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे: पॅनारिन रशियाच्या व्यावसायिक लीगमध्ये मुरलेला होता, सबब तो नवोदित नव्हताच, सामन्यामागची सरासरी पाहता एडमंटन ऑयलर्सचा कॉनर मॅकडेव्हिड सरस होता, हे पुढच्या वर्षीच सिद्ध झाले, पॅनारिनचे निम्मे गुण (गोल किंवा गोलला केलेली मदत, म्हणजे असिस्ट, यांचा प्रत्येकी एक) शिकागो संघातल्या त्याच्या साथीदाराच्या, पॅट्रिक केनच्या, पुण्याईचे होते. आणि शेवटी हे वाक्य: ‘कॅल्गरीत राहून एडमंटनच्या पोराला मोठे म्हणायला छाती लागते, ती आपल्याकडे नाही, स्केट्स कधी पायात घातले असते, तर मोडलेल्या हाडाची किंमत कळली असती.’

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु लेखातल्या एकाही आकड्याला हात न लावता लेखकाचा पत्ता विचारायचा, ही वाद घालण्याची कोणती रीत, हे आपणच सांगावे. मी खडकीत वाढलो. धनराज पिल्लेंसारखा खेळाडू जिथून आला, त्या खडकीत हॉकीचे मत मांडण्यासाठी कोणाला परवाना लागत नसे. मात्र मत मांडणाऱ्याने सामना पाहिलेला असावा, एवढी अपेक्षा असे. ती गवतावरची हॉकी आणि ही बर्फावरची, हे मला समजते. स्केट्सचे म्हणाल, तर ते मी पायात घातले तेव्हा केस पिकू लागले होते, आणि मुलाच्या सरावासाठी पहाटेच्या अंधारात रिंकवर पोहोचण्यात माझे कित्येक हिवाळे गेले आहेत. यातले काहीही माहीत नसताना आपण निकाल देऊन मोकळे झालात.

कॅल्गरी आणि एडमंटन यांचे वैर मी नाकारत नाही. तीनशे किलोमीटरच्या अंतरावर ते पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहे. पण पॅनारिन कॅल्गरीचा नव्हता, शिकागोचा होता. त्याच्या गौरवाने आमच्या कॅल्गरी फ्लेम्स संघाच्या पदरात काय पडणार होते? उलट, नवोदिताच्या वयाचा प्रश्न निघाला की कॅल्गरीकरानेच अवघडून बसावे, असा इतिहास आहे. सर्गेई माकारोव्हने १९८९-९० मध्ये याच शहराच्या संघाकडून ८० सामन्यांत ८६ गुण मिळवले आणि ३१ व्या वर्षी हा करंडक नेला. सोव्हिएत संघाकडून जग जिंकून आलेल्या माणसाला ‘नवोदित’ म्हणणे अनेकांना पचले नाही, आणि त्यानंतर लीगने नियम केला की हंगामाच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची २६ वर्षे पूर्ण झालेला खेळाडू या पुरस्कारास पात्र नाही. हा नियम योग्यच आहे, असे मी कॅल्गरीत राहूनच म्हणतो. आपल्या चष्म्याच्या सिद्धांतात हे कुठे बसते?

आता त्याच नियमाने पॅनारिनकडे पाहा. आपण त्याला ‘चोवीस वर्षांचा घोडा’ म्हटले आहे. त्याचा जन्म ३० ऑक्टोबर १९९१ चा, म्हणजे हंगाम सुरू झाला तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि पात्रतेची मर्यादा बरीच दूर होती. सेंट पीटर्सबर्गच्या संघाबरोबर तो रशियाच्या लीगचा गागारिन करंडक जिंकून आला, हे खरे. पण परदेशातल्या वरिष्ठ लीगमध्ये खेळलेल्याला नवोदित मानायचे नाही असे ठरवले, तर २००५-०६ मध्ये सिडनी क्रॉस्बीला मागे टाकणारा अलेक्झांडर ओव्हेच्किनही बाद होतो, कारण तोही मॉस्कोच्या दिनामोकडून मोठ्यांमध्ये खेळूनच आला होता. फिनलंडहून आलेला आणि १९९२-९३ मध्ये ७६ गोल करणारा तेमू सेलानेही बाद होतो. ही यादी आपल्याला मान्य असेल तर तसे स्पष्ट लिहावे. नसेल, तर नियम फक्त पॅनारिनपुरता का बदलायचा?

मॅकडेव्हिडविषयी माझ्या मनात आकस नाही. ४५ सामन्यांत ४८ गुण ही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची कामगिरी थक्क करणारी आहे, आणि ३ नोव्हेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध गळ्याजवळचे हाड मोडल्यामुळे त्याचे ३७ सामने बुडाले, यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. सरासरी त्याचीच अधिक होती, हेही मान्य. पण हा पुरस्कार जे झाले त्याचा असतो, जे झाले असते त्याचा नव्हे. पॅनारिनने ८० सामन्यांत ३० गोल आणि ४७ असिस्ट करून ७७ गुण मिळवले. नवोदितांत त्याच्यानंतर आलेला जॅक आयकेल ५६ वर होता. जखमी खेळाडूबद्दल हळहळावे, पण न खेळलेले सामने त्याच्या खात्यावर जमा करू नयेत.

केनचा मुद्दा जुना आहे आणि त्यावर फार शाई खर्च करावी असे मला वाटत नाही. त्या वर्षी केन १०६ गुणांसह लीगमध्ये पहिला आला. त्याला उत्तम साथीदार मिळाला म्हणूनही तो आला असेल, ही शक्यता आपल्या मनाला शिवलेली दिसत नाही. मॅकडेव्हिडच्या पुढच्या वर्षीच्या शंभर गुणांसाठी त्याला लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक मिळाला. एकाच धान्याचे दोनदा माप कशाला? तरीही पुढचे हंगाम आपणच उकरले आहेत म्हणून सांगतो: २०१७-१८ मध्ये कोलंबसकडून, केनशिवाय, पॅनारिनने ८१ सामन्यांत ८२ गुण मिळवले.

फिलाडेल्फियाच्या शेन गॉस्टिसबेहेअरला मी लेखात दोनच वाक्ये दिली, ही आपली तक्रार रास्त आहे. ६४ सामन्यांत १७ गोल करणाऱ्या आणि सलग पंधरा सामन्यांत गुण मिळवणाऱ्या नवोदित बचावपटूला अधिक जागा द्यायला हवी होती. मतदान करणाऱ्या हॉकी पत्रकारांनी त्याला दुसरा आणि मॅकडेव्हिडला तिसरा क्रमांक दिला; मला मत असते, तर पॅनारिनच्या खाली मी या दोघांची अदलाबदल केली असती. म्हणजे ज्याचा मत्सर करतो असे आपण म्हणता, त्या एडमंटनच्या पोराला कॅल्गरीतून एक पायरी वरच चढवले असते. मूळ लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात हे लिहिलेले आहे. तिथवर आपण पोहोचला नसावात.