एमआरआयच्या इंजेक्शनने कर्करोगाची एकेक पेशी दिसते का?

एक दावा सध्या सर्रास पुढे पाठवला जातो आहे: एमआरआयपूर्वी नवे ‘रेणवीय’ (म्हणजे पेशीवरील ठरावीक रेणूला चिकटणारे) इंजेक्शन घेतले की कर्करोगाची एकुलती एक पेशीही चमकते, बायोप्सीची गरज उरत नाही आणि इंजेक्शन निरुपद्रवी असल्याने निरोगी माणसानेही ते दरवर्षी घ्यावे. या संशोधनाविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खपवले जाणारे हे दावे खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

‘चमकते’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे. अशा इंजेक्शनांत बहुधा असणारा गॅडोलिनियम हा धातू स्वतः प्रतिमेत दिसत नाही. त्याच्या आयनातील सात अयुग्मित इलेक्ट्रॉनांमुळे आसपासच्या पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे लवकर मूळ स्थितीला येतात आणि यंत्र टिपते ते पाण्यातील हा फरक. तो जाणवायला गॅडोलिनियमचे प्रमाण निदान मायक्रोमोलरच्या (द्रावणातील रेणूंचे प्रमाण मोजण्याच्या सूक्ष्म एककाच्या) घरात लागते. किरणोत्सारी द्रव्य टोचून केल्या जाणाऱ्या पेट स्कॅनचे काम त्याच्या हजारपटीहून कमी प्रमाणात भागते.

आता एका पेशीचा हिशेब पाहू. तिच्यावर १० लाख ग्राही (औषधाचा रेणू जिथे चिकटतो त्या जागा) आहेत आणि प्रत्येकाला एक गॅडोलिनियम चिकटले, असे सढळपणे धरले, तर पेशीपुरते प्रमाण दीड-दोन मायक्रोमोलर भरते. परंतु प्रतिमेच्या १ घन मिलिमीटरच्या एका ठिपक्यात सुमारे १० लाख पेशी मावतात; त्यांत कर्करोगाची एकच असेल, तर तेच प्रमाण १० लाख पटींनी विरळ होते. म्हणून संशोधक एकेका रेणूवर अनेक गॅडोलिनियम बसवतात किंवा लोह ऑक्साइडचे कण वापरतात. मात्र कण मोठा झाला की तो रक्तवाहिनीबाहेर सहज झिरपत नाही आणि यकृत व प्लीहा त्याला वाटेतच अडवतात. प्रयोगशाळेत एकेकटी पेशी दिसली आहे हे खरे, पण ती आधीच लोहकणांनी भरलेली होती.

बायोप्सीविषयी गॅडॉक्सेटेट या यकृतासाठीच्या गॅडोलिनियम संयुगाचे उदाहरण बोलके आहे. निरोगी यकृतपेशी ते शोषतात, त्यामुळे सुमारे २० मिनिटांनी यकृत उजळ आणि बहुतेक गाठी काळ्या दिसतात. काळा भाग एवढेच सांगतो की तेथे ते शोषले गेले नाही. गाठ कोणत्या प्रकारची, हे त्यावरून नेहमी ठरत नाही. सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन व्रणांनी भरण्याच्या आजाराच्या) रुग्णात ठरावीक निकष जुळल्यास बायोप्सीवाचून यकृताच्या कर्करोगाचे निदान होते, पण ती सवलत इतर अवयवांना सरसकट लागू नाही.

निरुपद्रवीपणाचा दावा तर इतिहासालाच धरून नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची त्वचा कडक करणाऱ्या विकाराचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये पुढे आला. मेंदूत ते साचते असे दिसल्यावर युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये शिरेतून द्यायची काही साखळी-रचनेची (गॅडोलिनियमला उघड्या साखळीसारख्या रेणूने धरणारी) संयुगे थांबवण्याची शिफारस केली. त्याला वलयाने वेढणारी वलयाकार संयुगे अधिक स्थिर असली, तरी तीही निदानासाठी खरोखर लागतील तेव्हाच आणि कमीत कमी मात्रेत द्यावीत, अशीच त्या संस्थेची सूचना आहे.