एसीत बॉम्ब नाही, पण मेकॅनिककडे लक्ष हवं

"नव्या पर्यावरणपूरक एसीत स्वयंपाकाचाच गॅस असतो. घरात बॉम्ब टांगू नका, मेकॅनिककडून जुना आर-२२ भरून घ्या. गॅस सगळे सारखेच, हिरवं लेबल हा कंपन्यांचा धंदा." उन्हाळ्यात फिरणारा हा मेसेज वाचून आमच्या मजल्यावरच्या काकांनी मेकॅनिकला फोनही लावला, म्हणून लिहितो आहे.

आधी बॉम्ब. बहुतेक नव्या एसीत आर-३२ हा गॅस असतो. तो सहज पेट घेत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन, म्हणजे आर-२९०, मोजक्याच मॉडेलांत आहे. गोदरेजने २०१२ मध्ये भारतात असे एसी आणले. प्रोपेन ज्वालाग्राही आहे, हे खरं. पण घरचा सिलिंडर १४.२ किलोचा आणि दीड टनाच्या एसीत प्रोपेन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तो पेटायला हवेत दर घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम लागतो. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली ४० घनमीटरची. सगळा गॅस सुटून खोलीभर पसरला तरी घनमीटरला ९ ग्रॅम होतात. धोका गळतीच्या तोंडाशी आणि जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. शिवाय सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास याला नसतो. नळीत गॅस असताना सांधा जोडायला ज्योतीचा टॉर्च पेटवणारा अर्धशिक्षित मेकॅनिक, मला भीती त्याची वाटते.

आर-२२ भरायचा? मुळीच नाही. कॉम्प्रेसर, तेल, दाब हे सगळं ठरलेल्या गॅसपुरतं असतं. आर-३२चा दाब आर-२२च्या दीडपटीहून जास्त. जुन्या एसीत प्रोपेन भरणं तर त्याहून घातक. त्यातली विजेची जोडणी ज्वालाग्राही गॅस गृहीत धरून केलेलीच नसते. आणि आर-२२ ओझोन खातो, म्हणून तर १९८७च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो बाद होतो आहे.

लेबलाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. आर-२२च्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही म्हणून हिरवा ठरला, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २०८८ पट तापवतो. आर-२२ १८१० पट, आर-३२ ६७५ पट, प्रोपेन जेमतेम ३ पट. सारखे कुठे आहेत? मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती, जी भारताने २०२१ मध्ये मान्य केली, आर-४१०ए आणि आर-३२सारखे तापवणारे गॅस कमी करण्यासाठीच आहे.

आणि "गॅस भरून घ्या" हेच मुळात चुकीचं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. ती न शोधता दरवर्षी भरलेला गॅस हवेतच जातो.

काकांच्या बाहेरच्या युनिटवरची पट्टी आम्ही वाचली. आर-३२. प्रोपेन त्यात नव्हताच.