भांडण समोशाचं, साखर बाटलीतली

कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर, याचे फलक कार्यालयांच्या कँटीनमध्ये लावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सुचवलं आणि ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशी आवई उठली. मंत्रालयाने खुलासा केला, तरी आमच्या पुणेकर नातेवाइकांच्या ग्रुपवरचा संताप शमलेला नाही. ‘पिझ्झा चालतो, आपला वडापावच का खुपतो?’ असं काका पुन्हा पुन्हा लिहितात. मला याचा मनापासून राग येतो. पोरांच्या वजनाचा विषय निघाला की आपण लगेच खाद्यसंस्कृतीची बाजू लढवायला उभे राहतो.

मी राहते त्या ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर आहे. तो वाचवण्यासाठी कित्येक कंपन्यांनी आधीच साखर उतरवली. आपल्याकडे गॅसच्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण साखर असो वा नसो, दर तोच. मग कंपनी साखर कमी करेल कशाला? यावर ग्रुपवर चकार शब्द नाही.

आणि खेळायचं कुठे? पुण्यातल्या आमच्या सोसायटीत ‘पार्किंगमध्ये क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे. भाचा शाळेतून थेट क्लासला जातो. माझी लेक इथे शाळेत रोज पंधरा मिनिटं पळते, पाऊस भुरभुरत असला तरी. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये हे सुरू केलं. त्याला पटांगणाशिवाय काही लागत नाही.

‘मग तिकडची पोरं एवढी जाडी कशी?’ काकांचा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये सहावीतल्या पाचातलं एकाहून जास्त मूल लठ्ठ आहे, गरीब वस्त्यांत तर श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीने. पण निदान इथे शाळेत उंची-वजन घेतात आणि घरी पत्र येतं.

लेकीचं आलं : वजन योग्य. ‘योग्य कसलं, गळ्याची हाडं दिसतायत,’ आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली. माझी काळजी नेमकी उलटी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५. आपल्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला किडकिडीत आणि आत मेद, मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. इथला तक्ता मुख्यतः गोऱ्या मुलांच्या मापांवर बेतलेला. त्यात माझी मुलगी ‘योग्य’ ठरली, तरी मी निर्धास्त होत नाही.

हे पुण्याने जगाला सांगितलं, याचा मला इथे फार अभिमान वाटतो. नर्सलाही मी सविस्तर सांगितलं. आणि त्याच पुण्यातून मला ऐकावं लागतं, ‘तू तिकडे बसून बोलू नकोस.’ ते मला लागतं. भाचा माझाही आहे. सोसायटीच्या सभेत मला मत नाही, फ्लॅट आईच्या नावावर आहे. तिला सांगितलंय, येत्या सभेत ती पाटी काढायचा विषय तू मांड, अर्ज मी लिहून पाठवते.